१९७६ ला किती गुण द्यायचे? मुंबईतल्या एका वर्गाचं प्रकरण

भांडण लागलं ते फळ्यावरच्या दोन ओळींवरून. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात तुलनात्मक राजकारण शिकवताना मी लिहिलं होतं : स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातली व्ही-डेम ही संस्था २०२१ च्या अहवालात भारताला ‘निवडणुका घेणारी एकाधिकारशाही’ म्हणते, अमेरिकेतली फ्रीडम हाउस त्याच वर्षी भारताला ‘मुक्त’मधून काढून ‘अंशतः मुक्त’मध्ये बसवते. पुढची वीस मिनिटं मला बोलायला मिळालं नाही. एका बाकावरून आवाज आला, परदेशात बसून आपल्याला मार्क देणारे हे कोण? दुसऱ्या बाकावरून उत्तर आलं, बरोबरच देतात. आणि शेवटी दोन्हीकडून एकच मागणी आली : मॅडम, तुम्हीच सांगा, खरं काय?

मी सांगितलं नाही. माझं मत नव्हतं म्हणून नव्हे. हे गुण कसे देतात हे त्या खोलीत कोणालाच धड माहीत नव्हतं, म्हणून. ज्याने एकही पेपर कधी तपासला नाही, त्याने परीक्षकाशी कशाच्या जोरावर भांडायचं? तेव्हा ठरवलं, आधी एक पेपर तुम्हीच तपासा. भारत, वर्ष १९७६, म्हणजे आणीबाणीचं वर्ष. मुलांपैकी कोणाचा जन्मही झालेला नव्हता, आणि पुरावा मात्र हाताशी होता : मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल, वाचनालयांतली जुनी वर्तमानपत्रं, आणि ते वर्ष जगलेली माणसं. सात जणांनी नावं दिली. पाच शनिवार आम्ही बसलो. त्याची ही हकिगत.

एकाच वर्षाची चार उत्तरं

पहिल्या शनिवारी मी त्यांना एवढंच दाखवलं की जाणकारांचंही या वर्षाबद्दल एकमत नाही. फ्रीडम हाउसने १९७५ आणि १९७६ या दोन्ही वर्षांत भारताला ‘अंशतः मुक्त’ म्हटलं. व्ही-डेमच्या वर्गवारीत ही दोन वर्षं ‘निवडणुका घेणारी एकाधिकारशाही’त मोडतात. उणे दहा ते अधिक दहा अशी पट्टी वापरणाऱ्या पॉलिटी या मोजणीत भारताचे गुण कमी झाले, पण लोकशाहीच्या रेषेच्या वरच राहिले. आणि राज्यशास्त्राचे अभ्यासक अ‍ॅडम शेवोर्स्की आणि सहकाऱ्यांची जी ‘लोकशाही की हुकूमशाही’ अशी दोनच खणांची यादी आहे, तिच्यात भारत आणीबाणीतही लोकशाहीच्याच खणात आहे.

मुलांना वाटलं, यातलं कोणीतरी चुकलंय. पण चूक शोधायला गेलो की दिसतं, प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजलीय. शेवोर्स्कींच्या यादीला एवढंच बघायचं आहे की सत्ता निवडणुकीने मिळते का आणि निवडणुकीत हरणारा पायउतार होतो का. पॉलिटी बघते सत्ताधारी कसा निवडला जातो, त्याच्यावर बंधनं किती, राजकीय चढाओढ किती खुली. तुरुंगात किती लोक आहेत, हे या दोन्ही पट्ट्यांवर जवळजवळ उमटतच नाही. फ्रीडम हाउस मात्र निम्म्याहून जास्त गुण नागरी स्वातंत्र्याला ठेवते. तिचे आज एकूण पंचवीस प्रश्न आहेत, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. दहा राजकीय हक्कांचे, पंधरा नागरी स्वातंत्र्याचे, मिळून शंभर. (सत्तरच्या दशकात एक ते सात अशी पट्टी होती आणि रेमंड गॅस्टिल हा एक अभ्यासक जवळजवळ एकहाती सगळ्या जगाला गुण देत असे. म्हणजे त्या वेळच्या ‘अंशतः मुक्त’मागे आजची यंत्रणा नव्हती. हे मुलांना सांगणं मला गरजेचं वाटलं.)

पंचवीस प्रश्न पाच शनिवारांत होणारे नव्हते. आम्ही पाच घेतले. लोकसभा रीतसर निवडून आलेली आहे का? विरोधकांना निवडणुकीतून सत्तेवर येण्याची खरी संधी आहे का? वर्तमानपत्रं मोकळी आहेत का? न्यायालयं स्वतंत्र आहेत का? आणि साध्या माणसाला मनातलं बोलताना भीती वाटते का? प्रत्येकाने एकट्याने गुण द्यायचे, शेजाऱ्याला दाखवायचे नाहीत, आणि प्रत्येक आकड्यापुढे कारणाचा रकाना भरायचा. कारण नसेल तर आकडा बाद.

रेष कुठे मारायची

पहिल्याच फेरीत एक गोष्ट डोळ्यांत भरली. विरोधकांच्या संधीला बहुतेकांनी दोन-तीन गुण दिले होते. कारणाच्या रकान्यात सगळ्यांचं जवळजवळ एकच वाक्य : मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, जनता पक्षाला २९५ जागा मिळाल्या, खुद्द पंतप्रधान हरल्या. म्हणजे संधी होती.

वाक्य खोटं नाही. पण पेपर १९७६ चा होता.

तिसऱ्या शनिवारी मी गोरेगावहून एका आजींना बोलावलं. आणीबाणीत त्या तिशीत होत्या, समाजवादी मंडळींबरोबर काम करत होत्या, आणि सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं घरोघर पोचवत होत्या. पत्रकं कशी नेत ते त्यांनी टेबलावर करूनच दाखवलं. कागदाची लांबट घडी, घडीवर वर्तमानपत्राचा तुकडा, तो कापडी पिशवीच्या तळाशी आणि वर मेथीच्या दोन जुड्या. जुड्यांची मुळं मुद्दाम मातीसकट ठेवायची, कारण मातीत हात घालायला कोणाला आवडत नाही. बोटं अजून सवयीने चालत होती. एका मुलाने विचारलं, “आजी, सत्त्याहत्तरला निवडणूक होणार हे तुम्हाला कधी कळलं?”

त्या म्हणाल्या, “अठरा जानेवारीला रेडिओवर. आणि खरं वाटलं नाही. त्याच्या आदल्या महिन्यात मला कोणी विचारलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, आता दहा-पंधरा वर्षं हेच.”

त्या गेल्यावर आम्ही नियम केला. ३१ डिसेंबर १९७६ ला रेष. त्यानंतरचं काहीही पुरावा म्हणून चालणार नाही. आता रेषेच्या अलीकडे काय उरलं ते पाहा. १९७१ ला निवडलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. फेब्रुवारीत ती वर्षभर वाढवली, नोव्हेंबरात आणखी वर्षभर. घटनेच्या ८३व्या कलमात आणीबाणीसाठी तशी सोय होतीच, म्हणून कागदावर काहीच मोडलं नव्हतं. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर लोकसभेची मुदतच सहा वर्षांची करून टाकली. विरोधी पुढारी मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, आत होते. पुढची निवडणूक कधी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. विरोधकांच्या संधीचे गुण पुन्हा मागितले तेव्हा एकाने आपल्याच तिनावर काट मारली, बराच वेळ पेन हातात धरून बसला आणि शून्य लिहिलं. बाकीचे एकावर किंवा शून्यावर आले.

रेष दोन्ही बाजूंनी कापते, हेही लगेच कळलं. न्यायालयांना कमी गुण देताना एका मुलीने लिहिलं होतं की न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं. ते घडलं जानेवारी १९७७ मध्ये. कारण बाद. तिला फार वाईट वाटलं, आणि मला तिचं वाईट वाटणं आवडलं, कारण तिने तरीही स्वतःच्या हाताने ते खोडलं.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. बोट्स्वाना १९६६ ला स्वतंत्र झाला आणि तिथे एकच पक्ष सतत जिंकत राहिला. निवडणुका वेळेवर होत, पण सत्ताधारी हरल्यावर खुर्ची सोडतील का, हे कोणी पाहिलेलंच नव्हतं. शेवोर्स्कींच्या गटाने नियम केला होता की सत्ता पालटलेली दिसली नाही तर लोकशाही म्हणायचं नाही, आणि यात आपली चूक होऊ शकते हेही त्यांनी उघड लिहून ठेवलं. २०२४ च्या ऑक्टोबरात तो पक्ष हरला आणि राष्ट्राध्यक्षांनी मुकाट्याने पराभव मान्य केला. मग त्याआधीची अठ्ठावन्न वर्षं एका रात्रीत लोकशाहीची झाली का? त्या नियमाने पाहिलं तर, हो. माझ्या मुलांना हे पटलं नाही, आणि मलाही पटत नाही. स्वातंत्र्य मोजायचं असेल तर त्या दिवशी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला कशाचा भरवसा धरता येत होता, ते मोजायला हवं. पुढे काय निघालं हा इतिहास झाला.

न्यायालयाचा प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथे, आणि तो जायलाच हवा होता.

मुंबईचा पुरावा न्यायालयांच्या बाजूने जोरदार होता. १९७५ च्या ऑक्टोबरात इथल्या वकिलांनी जिना हॉलमध्ये आणीबाणीतल्या नागरी स्वातंत्र्यावर चार भिंतींआडची सभा ठरवली, उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला त्यात बोलणार होते. पोलिस आयुक्तांनी परवानगी नाकारली. एन. पी. नाथवानी न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली. मग १० फेब्रुवारी १९७६ चा मसानींचा निकाल. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मुंबईतल्या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला होता. न्यायमूर्ती मादन यांच्या खंडपीठाने सांगितलं की सेन्सॉरला अधिकार आहे तो आदेशात लिहिलेल्या कारणांपुरता. सरकारच्या धोरणावर टीका केली एवढ्यासाठी मजकूर दाबता येत नाही. आणीबाणी ऐन भरात असताना हे लिहिलेलं आहे. मुलांनी तो निकाल मोठ्याने वाचला, आणि वाचता वाचता वर्गातला आवाज बदलला.

आणि मग २८ एप्रिल. स्थानबद्धतेला आव्हान देता येतं असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलेलं असताना सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक असा निकाल दिला : आणीबाणीत हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयातून सोडवून घेण्याचा, दरवाजा बंद. वेगळं मत एकट्या खन्नांचं. त्याच वर्षी उच्च न्यायालयांतल्या सोळा न्यायमूर्तींच्या इतर राज्यांत बदल्या झाल्या.

सात जणांचे आकडे आले : दोघांचे तीन, तिघांचे दोन, दोघांचा एक. सगळ्यांपुढे तोच पुरावा. एक म्हणाला, जिथे न्यायाधीश सरकारविरुद्ध निकाल देतात तिथे न्यायालय स्वतंत्रच. दुसरी म्हणाली, मासिकात लेख छापता आला, पण लेखकाला उचलून नेलं तर त्याच न्यायालयाला त्याला सोडवता येत नाही, मग त्या स्वातंत्र्याचं करायचं काय?

अशा वेळी मोजणाऱ्या संस्था काय करतात? फ्रीडम हाउसमध्ये आकडे लिहिणारे आणि सल्लागार एकत्र बसून वाद घालतात आणि एका आकड्यावर येतात. व्ही-डेममध्ये जाणकार एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला निदान पाच जाणकार मिळावेत असा त्यांचा प्रयत्न असतो, आणि कडक हाताचा कोण, सैल हाताचा कोण, हे संख्याशास्त्राने ताडून आकडे एका पातळीवर आणतात. त्यासाठी जाणकारांना कल्पित देशांची छोटी वर्णनंही देतात. मी तसंच एक वर्णन रचलं : एका देशात न्यायालय किरकोळ बाबतींत सरकारला फटकारतं, पण सरकारच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावर नेहमी सरकारच्या बाजूने उभं राहतं, किती गुण? ज्यांनी भारताला तीन दिले होते त्यांनी या कल्पित देशालाही तीन दिले. ज्यांनी एक दिला होता त्यांनी इथेही एक. म्हणजे १९७६ बद्दल त्यांचं फारसं दुमत नव्हतंच. दुमत होतं ते ‘दोन’ म्हणजे किती यावर. हे दिसल्यावर वर्गातला अर्धा राग उतरला.

उरलेला अर्धा एका मुलाने आपल्या कागदावर सोडवला. त्याने एकाच चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं : २७ एप्रिलपर्यंत २, २८ एप्रिलपासून ०. वर्ष हे एकक आपल्या सोयीचं आहे. न्यायालय काही कॅलेंडर बघून पडत नाही. त्याचा चौकोन आम्ही तसाच ठेवला.

चीता कॅम्प

चौथ्या शनिवारी चीता कॅम्पला राहणाऱ्या मुलीने एक प्रश्न आणला, ज्याला आमच्या पाच प्रश्नांत जागाच नव्हती. मे १९७६ मध्ये अणुशक्ती केंद्राच्या शेजारची जनता कॉलनी पाडली गेली आणि हजारो कुटुंबं उचलून चिखलाच्या जागेवर नेऊन टाकली. ती जागा म्हणजे आजचा चीता कॅम्प. तिचे आजी-आजोबा त्यांतले. “मॅडम, हे कुठे लिहू?”

फ्रीडम हाउसच्या प्रश्नांत मालमत्ता, बळाचा वापर, कायद्यापुढे समानता असे रकाने आहेत. व्ही-डेम तर समतेचा वेगळा निर्देशांकच काढते. जागा सापडली. पण तिचा खरा प्रश्न पुढे होता. झोपड्या आणीबाणीआधीही पडत होत्या आणि नंतरही पडल्या. १९८१ मध्ये, निवडून आलेलं सरकार असताना, पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरची माणसं उठवली गेली. पत्रकार ओल्गा टेलिस यांचा खटला त्यातूनच उभा राहिला आणि १९८५ ला निकाल लागला. मग या रकान्यात १९७६ आणि १९८१ चे आकडे वेगळे का असावेत?

आम्ही बराच वेळ गप्प होतो. शेवटी तिनेच दोन आकडे लिहिले. घर पाडण्याला दोन्ही वर्षांना सारखेच गुण. घर पाडल्यावर मोर्चा काढता येतो का, वर्तमानपत्रात बातमी येते का, न्यायालयात जाता येतं का, याला वेगळे. १९८१ ला पत्रकार न्यायालयात गेली. १९७६ ला मोर्च्यालाच बंदी होती. देशाचा एक आकडा काढताना ही दोन वर्षं दूर जातात, आणि फुटपाथवरून पाहिलं तर बरीच जवळ येतात. निर्देशांक वाचणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

उलट बाजूचाही एक पुरावा आला होता. एकाच्या आजोबांनी सरकारी कचेरीत नोकरी केलेली. त्यांचं म्हणणं, तेव्हा सगळे वेळेवर यायचे, फाइली हलायच्या. आणीबाणीबद्दलचं विनोबांचं ‘अनुशासन पर्व’ त्यांना तोंडपाठ होतं. ब्रिटनच्या इकॉनॉमिस्ट गटाच्या लोकशाही निर्देशांकात कारभाराच्या कामगिरीचा विभाग आहे, तिथे असं काही बसू शकेल. स्वातंत्र्याच्या रकान्यात बसत नाही. मी ते कागदावर नोंदवून घेतलं आणि पुढे गेले.

आणि आज

पाच शनिवारांनंतर फळ्यावरच्या त्या दोन ओळींकडे आम्ही परत आलो. फ्रीडम हाउसच्या २०१८ च्या आवृत्तीत भारताला शंभरपैकी ७७ होते, २०२१ ला ६७, २०२५ ला ६३. इकॉनॉमिस्टच्या पट्टीवर मात्र २०२० ला दहापैकी ६.६१ पर्यंत घसरलेला आकडा २०२३ ला ७.१८ वर चढला. एक खाली जातोय, एक वर. आता मुलांनी “खोटं कोण?” असं विचारलं नाही. विचारलं, “यांचे प्रश्न दाखवा.”

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी संजीव सन्याल आणि आकांक्षा अरोरा यांनी २०२२ मध्ये जो निबंध लिहिला, त्यातला आक्षेप आम्ही नीट वाचला : हे निर्देशांक मूठभर अनाम जाणकारांच्या मतांवर उभे आहेत, आणि आजचा भारत आणीबाणीच्या पातळीवर आहे असं ते म्हणतात हे कसं मान्य करायचं? पहिल्या भागात तथ्य आहे. जाणकारांची नावं सुरक्षिततेसाठी झाकतात हे समजतं, पण प्रत्येक आकड्यामागचं कारण तरी उघड हवं. २०२४ मध्ये अँड्र्यू लिटिल आणि अ‍ॅन मेंग या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनीही विचारलं की लोकशाही जगभर खरंच घसरतेय, की गुण देणाऱ्यांचा मूड घसरलाय? त्यांनी सत्ताधारी किती वेळा हरतात यासारखे मोजता येणारे आकडे लावून पाहिले, तर मोठी घसरण दिसली नाही.

पण आमच्या हातात १९७६ होतं. मोजता येणाऱ्या आकड्यांत ते वर्ष बरंच बरं दिसतं. निवडणूक हेराफेरीची झाली नाही, कारण झालीच नाही. मुदतवाढ घटनेला धरून. न्यायालयं चालू, संसद चालू. दुर्गाबाई भागवतांना एशियाटिकच्या वाचनालयातून पकडून नेलं, ते कुठल्या मोजणीत येणार? लोकलच्या डब्यात बोलता बोलता आवाज आपोआप खाली यायचा असं आजी म्हणाल्या, त्याचं दप्तर कोणी ठेवलंय? अशा गोष्टी माणसालाच विचाराव्या लागतात, आणि माणसाला विचारलं की मत आलंच. म्हणून मत नको असं मी म्हणणार नाही. मत कारणासकट द्या, आणि खोडायची तयारी ठेवा, एवढीच माझी मागणी आहे, परदेशी संस्थांकडे आणि आपल्या सरकारकडेही.

शेवटच्या शनिवारी आजी पुन्हा आल्या. पाचवा प्रश्न, मनातलं बोलण्याचा, मुलांनी त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. त्यांनी एक लिहिला. म्हणाल्या, “शून्य नका देऊ. शून्य दिलंत तर आम्ही जे छापलं, वाटलं, ते कुठे गेलं?”

चीता कॅम्पची मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती. ती हळू म्हणाली, “आजी, पण तो एक गुण सरकारच्या खात्यात जमा होतो. छापलंत तुम्ही.”

आजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. एक खोडला, शून्य केलं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : पत्रकं निघत होती. परवानगी नव्हती.